ओकलंडची न्याहारी : एका पंगतीची वाटचाल

दलित पँथरच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव तिथून घेतले आणि १९७३च्या जाहीरनाम्यात त्या लढ्याशी असलेले नाते उघडपणे सांगितले. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. म्हणजे हे नाते तसे जुने आहे. मात्र महाराष्ट्रात ब्लॅक पँथर म्हटले की डोळ्यांसमोर येते ती काळी टोपी, चामड्याचे जाकीट आणि हातातली बंदूक. पक्षाने गरीब मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी दिली, ही गोष्ट आपल्याकडच्या लेखनात बहुधा एका ओळीत उरकली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. त्या पक्षाने उभे केलेले सर्वांत टिकाऊ काम न्याहारीचेच होते. ते टिकले याचे श्रेय व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा रोज पहाटे उठून पाळी सांभाळणाऱ्या, बहुतांशी अनामिक राहिलेल्या कार्यकर्त्यांना आहे. पुढे मांडलेला इतिहास हे म्हणणे तपासण्यासाठीच आहे.

१९६० चे दशक : पायाभरणी आणि पहिले वर्ष

ओकलंड हे कॅलिफोर्नियातले बंदराचे शहर. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यांना माणसे हवी होती, म्हणून लुइझियाना, टेक्सास अशा दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे येऊन राहिली. युद्ध संपले, कारखाने बंद पडले, माणसे तिथेच राहिली. पुढच्या वीस वर्षांत पश्चिम ओकलंडच्या त्यांच्या वस्तीतून मोठे रस्ते काढले गेले, घरे पाडली गेली आणि दुकाने उठली. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावाचे काय होते हे पाहिलेल्या मराठी वाचकाला या वस्तीचे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. अशाच स्थलांतरित कुटुंबांतून आलेल्या ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये पक्ष स्थापन केला. त्याच्या दहा कलमी कार्यक्रमात जमीन, भाकरी, घर, शिक्षण, कपडा, न्याय आणि शांतता यांची मागणी होती. सुरुवातीचे काम पोलिसांच्या दांडगाईवर पाळत ठेवण्याचे होते आणि देशभर गाजावाजा झाला तो त्याचाच.

भाकरीच्या मागणीचे मात्र काय करायचे, हा प्रश्न उरला होता. अमेरिकेत शाळांमधल्या दुपारच्या जेवणाचा कायदा १९४६ पासून होता. न्याहारीसाठी १९६६च्या कायद्याने एक प्रायोगिक योजना सुरू झाली होती, पण ती तुटपुंजी होती आणि बहुतेक गरीब वस्त्यांपर्यंत पोहोचली नव्हती. आई-बाप पहाटे कामाला निघून जात, मूल रिकाम्या पोटी वर्गात बसे, आणि त्याचे लक्ष लागत नाही म्हणून शिक्षक त्याला ‘मंद’ ठरवत. इथेच पक्षाच्या कार्यकर्त्यांना धागा सापडला. मुलाच्या नापास होण्याचे कारण त्याच्या बुद्धीत शोधण्याआधी त्याच्या पोटात शोधावे, हा त्यांचा साधा तर्क होता. १९६८च्या अखेरीस पक्षाच्या साप्ताहिकातून स्वयंसेवकांसाठी आवाहने येऊ लागली. जानेवारी १९६९ मध्ये पश्चिम ओकलंडमधल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या दालनात पहिली पंगत बसली. चर्चचे धर्मगुरू फादर अर्ल नील यांनी जागा दिली. त्याच चर्चच्या सभासद आणि नामवंत नृत्यशिक्षिका रूथ बेकफर्ड यांनी कामाची आखणी करून दिली. पहिल्या दिवशी अकरा मुले आली. आठवडा संपेपर्यंत हा आकडा १३५ वर गेला. त्या वेळी न्यूटन तुरुंगात होते आणि एल्ड्रिज क्लीव्हर देशाबाहेर. सर्वांत प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी दोन जागेवर नसताना पक्षाचे सर्वांत मोठे काम उभे राहिले, यावरूनच ते कोणाच्या खांद्यांवर उभे होते ते कळते.

या कामाची रचना जरा जवळून पाहण्यासारखी आहे. केंद्र चालवायला कोणकोण लागते, हे पक्षाने अगदी तपशिलात ठरवले होते. मुलांना रस्ता सुरक्षित ओलांडून देणारे वेगळे, दाराशी बसून आलेल्या मुलांची नोंद ठेवणारा वेगळा, आचारी वेगळे, वाढपी वेगळे. मुलांच्या टोप्या आणि कोट उतरवून नीट ठेवायचे आणि जाताना ज्याचे त्याला द्यायचे, याचीही जबाबदारी नेमून दिलेली होती. ताटात काय असावे याबद्दल आहारशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेतला जाई. अंडी, टोस्ट, मक्याच्या जाड्याभरड्या रव्याची लापशी म्हणजे ग्रिट्स, कधी बेकन, दूध आणि संत्री असा साधारण बेत असे. ज्याने लग्नाकार्यात शंभर पानांची पंगत सांभाळली आहे, त्याला यामागचे कष्ट कळतील. फरक इतकाच की ही पंगत शाळेच्या प्रत्येक दिवशी उठवायची होती आणि शाळेची घंटा वाजायच्या आत उठवायची होती. सभा आठवडाभर पुढे ढकलता येते, मोर्चाची तारीख बदलता येते, पण भूक लागलेल्या मुलाला उद्या ये म्हणता येत नाही. म्हणून स्वयंसेवकाच्या पाळीला इथे जे महत्त्व आले ते दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमात आले नाही. कार्यकर्त्यांची शिस्त घडवण्याचे काम या भटारखान्याने केले, असे मी म्हणेन.

१९६९ मध्येच हे काम देशभर पसरले. पक्षाने दिलेल्या आकड्यानुसार वर्षाअखेरीस १९ शहरांत मिळून सुमारे २०,००० मुले न्याहारी घेत होती. आकडे पक्षाचेच आहेत, ते थोडे सैल धरले तरी हरकत नाही. विरोधकांनीही या कामाचा आवाका नाकारला नव्हता, आणि यासाठीचा सर्वांत सबळ पुरावा विरोधी बाजूकडूनच मिळतो. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी मे १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यालयाला पाठवलेल्या टिपणात न्याहारीला पक्षाचे सर्वांत प्रभावी काम म्हटले आणि म्हणूनच ते सर्वांत धोक्याचे ठरवले. ज्या यंत्रणेने या पक्षाच्या बंदुका मोजल्या, तिला अंड्यांच्या टोपल्यांची भीती जास्त वाटली. त्यामागे हिशेब होता. बंदुकीमुळे मध्यमवर्गीय शेजारी, चर्चचे लोक, दुकानदार पक्षापासून दूर जात होते आणि न्याहारीमुळे ते जवळ येत होते.

या पहिल्याच वर्षात दोन आक्षेप घेतले गेले आणि ते आजही घेतले जातात. पहिला असा की, ही न्याहारी म्हणजे मुलांच्या मनावर पक्षाचा प्रचार बिंबवण्याचे निमित्त होते. मुलांना खाताना पक्षाची गाणी आणि घोषणा शिकवल्या जात, हे खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण ताटासाठी कोणतीही अट नव्हती. कोणत्याही वर्णाच्या भुकेल्या मुलाला दार उघडे होते, आणि मूल पाठवायचे की नाही हे त्याची आई ठरवत होती. त्या आया काही भोळ्या नव्हत्या. घोषणा ऐकूनही त्यांनी मुले पाठवली, कारण दुसरे कोणी ताट मांडत नव्हते. दुसरा आक्षेप वर्गणीबाबतचा होता. साहित्य मिळायचे ते चर्चकडून, शेजाऱ्यांकडून आणि दुकानदारांकडून. जे दुकानदार नकार देत, त्यांच्यावर बहिष्कार घालण्याचे आवाहन पक्ष करी, आणि दमदाटीच्या तक्रारीही झाल्या. बहिष्कार हे सनदशीर हत्यार आहे. मात्र मागणी आणि धाक यांतली रेषा काही ठिकाणी ओलांडली गेली असणार, हे मान्य करायला हवे. तरीही धाकावर मिळालेल्या मदतीने रोजची पंगत वर्षानुवर्षे चालत नाही. दुसऱ्या दिवशीही अंडी आणि दूध द्यावे लागते, आणि ते देणारे परत परत देत राहिले.

उलट धाक दाखवला गेला तो या कामालाच. मुलांसाठी काढलेले एक हिंसक चित्रपुस्तक पक्षाने नाकारले होते, तरी एफबीआयने ते पक्षाच्या नावाने देणगीदारांपर्यंत पोहोचवले. शिकागोत पहिल्या न्याहारीच्या आदल्या रात्री पोलिसांनी चर्चमध्ये घुसून अन्न तुडवले आणि नासवले, असे तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांनी सांगून ठेवले आहे. त्याच शहरात न्याहारीच्या कामात पुढे असलेले फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे पोलिसांच्या छाप्यात मारले गेले. ते २१ वर्षांचे होते. त्यांच्यानंतरही शिकागोतले काम थांबले नाही.

१९७० चे दशक : विस्तार, टीका आणि कायदा

न्याहारीची कल्पना लवकरच एका पक्षाची राहिली नाही. न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेममधल्या पोर्तोरिकन तरुणांच्या यंग लॉर्ड्स संघटनेने न्याहारीसाठी जागा मागितली आणि एका चर्चने ती नाकारली, तेव्हा डिसेंबर १९६९च्या अखेरीस त्यांनी ते चर्चच ताब्यात घेतले आणि त्याला लोकांचे चर्च म्हटले. शिकागोतल्या गरीब गोऱ्या वस्तीत यंग पेट्रियट्सच्या तरुणांनी तसेच काम सुरू केले. वर्णाच्या भिंती ओलांडणारी ही गोष्ट कोणत्याही ठरावाने झाली नाही. ओकलंडमध्ये काही तरुण-तरुणी हे करू शकतात, तर आपण का नाही, इतकाच विचार पुरेसा झाला. मोफत दवाखाने, सिकलसेल रक्तदोषाची तपासणी, मोफत कपडे आणि पादत्राणे अशी कामेही न्याहारीच्या जोडीने उभी राहिली. मार्च १९७२ मध्ये ओकलंडमधल्या एका परिषदेत शिध्याच्या दहा हजार पिशव्या वाटल्या गेल्या. प्रत्येक पिशवीत एक कोंबडी होती.

तिसरा आक्षेप डाव्या बाजूने आला आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. पोटभर खाऊ घालून लोकांचा राग शांत करायचा, म्हणजे क्रांतीचे काम लांबवायचे आणि सरकारची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घ्यायची, अशी ती टीका होती. न्यूटन यांनी उत्तर देताना तराफ्यावर अडकलेल्या खलाशाचा दाखला दिला होता. तराफ्यावरच्या सामानाने खलाशी किनाऱ्याला लागत नाही, पण मदत येईपर्यंत जिवंत राहतो. उत्तर चांगले आहे, पण माझ्या मते अपुरे आहे. तो दाखला भुकेल्याला वाट पाहणारा ठरवतो. प्रत्यक्षात पश्चिम ओकलंडमधली आई वाट पाहत बसली नव्हती. ती स्वतः वाढायला उभी होती. दानधर्मात देणारा एकीकडे आणि घेणारा दुसरीकडे असतो. इथे अनेक ठिकाणी मुलांच्या आया, आज्या आणि शेजारणी हेच मनुष्यबळ होते. त्यामुळे सरकारला एक सबब मोकळी राहिली नाही. एवढ्या मुलांना रोज खाऊ घालणे शक्य नाही, खर्च परवडत नाही, व्यवस्था होत नाही, असे म्हणायला जागा उरली नाही, कारण सरकारी तिजोरीतला एक पैसाही न घेता वस्तीतली माणसे ते करून दाखवत होती. स्वयंसेवकाने सरकारची जबाबदारी उचलली, असे त्या टीकेत म्हटले होते. मला दिसते ते असे की, ही जबाबदारी उचलता येण्याजोगी आहे, हे त्याने सिद्ध करून ठेवले.

आपल्याकडे याची परंपरा वेगळ्या वाटेने आली आहे. १८७७च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले, तेव्हाही पंगतीतला जातीचा भेद मोडणे आणि पोट भरणे ही दोन कामे एकाच वेळी झाली. ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळात होता. अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवरची सुकडी त्या पिढीच्या तोंडी अजून आहे. मदत आणि हक्क यांतला फरक त्या पिढीला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

या दशकात पक्षात मतभेद झाले, काही सहकारी वेगळ्या वाटेने गेले. त्याची हकीकत इतरत्र पुष्कळ आली आहे. संस्थेच्या इतिहासात नोंदवण्यासारखे एवढेच की, वरच्या पातळीवर काहीही झाले तरी खाली सकाळची पंगत बसत होती. १९७४ ते १९७७ या काळात पक्षाचे नेतृत्व एलेन ब्राउन यांच्याकडे होते. एरिका हगिन्स यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या ओकलंड कम्युनिटी स्कूलमध्ये मुलांना शिक्षणाबरोबर दिवसाचे जेवणखाणही मिळे, म्हणजे चर्चच्या दालनातली न्याहारी शाळेच्या छताखाली आली. १९७७ मध्ये या शाळेच्या कामाची कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने दखल घेतली. एव्हाना पक्षाच्या सभासदांत स्त्रियांची संख्या अर्ध्याहून जास्त होती, आणि रोजच्या कामाचा मोठा भार त्यांच्याच अंगावर होता. यावरही आक्षेप आहे. क्रांतिकारी पक्षात शेवटी स्वयंपाक स्त्रियांच्याच गळ्यात पडला, असे म्हणतात. बऱ्याच अंशी ते खरे आहे. पक्षातल्या स्त्रियांनीही नंतर ते बोलून दाखवले. पुरुष कार्यकर्त्यांनाही अंडी तळायला आणि वाढायला उभे राहावे लागे, ही त्या काळाच्या मानाने छोटी गोष्ट नव्हती. तरी श्रम वाटले गेले त्या प्रमाणात मान वाटला गेला नाही, याची नोंद स्मरणिकेत व्हायलाच हवी.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने शाळेतल्या न्याहारीची प्रायोगिक योजना कायमची केली. भारतात त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण भुकेल्या मुलाचा प्रश्न दोन्ही देशांत त्याच सुमारास ऐरणीवर होता. आता शेवटचा आक्षेप. सरकारी योजना आधीच होती, भुकेवरचा दूरदर्शन माहितीपट १९६८ मध्ये देशभर गाजला होता, निक्सन यांनी डिसेंबर १९६९ मध्ये अन्न आणि पोषणावर परिषद भरवली होती, मग १९७५च्या कायद्याचे श्रेय पँथरना कसे द्यायचे? या कायद्यामागे अनेक हात होते, हे मान्य. एकट्या पक्षाने तो करवून घेतला, असा दावा कुणी करू नये. पण आकडेवारी आणि अहवाल यांच्या पलीकडे, रोज सकाळी चालणारे, कुणालाही जाऊन पाहता येईल असे उदाहरण कुणी उभे केले, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी ते मोडायचा प्रयत्न केला, त्यांचे कारनामे १९७६ मध्ये सिनेटर चर्च यांच्या सिनेट समितीच्या अहवालात उघड झाले. ज्या कामाला काही वजनच नव्हते, ते मोडण्यासाठी एवढा खटाटोप कुणी केला नसता.

१९८० चे दशक आणि नंतर

१९८२ मध्ये ओकलंड कम्युनिटी स्कूल बंद झाले आणि पक्षाचे कामही संपले. न्याहारीची केंद्रे बहुतेक ठिकाणी त्याआधीच थांबली होती. पैसा आटला होता, कार्यकर्ते थकले होते, अनेकजण तुरुंगात होते किंवा नव्या संसारात. संस्था बंद पडली म्हणजे काम अयशस्वी झाले असे मानण्याची आपल्याला सवय आहे. इथे ती सोडायला हवी, कारण या काळात सरकारी न्याहारी शाळाशाळांतून वाढत गेली. काम बदलले ते एका महत्त्वाच्या अर्थाने. जिथे शेजारणी पाळीने उभ्या राहत, तिथे आता पगारी कर्मचारी उभे राहिले. आपल्याकडे १९९५ मध्ये शाळेतल्या पोषण आहाराची योजना आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्यानंतर महाराष्ट्रात गावोगावच्या बचत गटांतल्या बायका मुलांची खिचडी शिजवू लागल्या, त्याही तुटपुंज्या मानधनावर. स्वयंसेवकाचे काम हक्काच्या कायद्यात गेले, पण त्या श्रमाचे मोल मात्र कायद्यात तितकेसे शिरले नाही. हा हिशेब दोन्ही देशांत अजून बाकी आहे.

आजचे चित्र

कोविडच्या साथीआधी अमेरिकेतल्या सरकारी योजनेत शाळेच्या प्रत्येक दिवशी सुमारे दीड कोटी मुले न्याहारी करत होती. २०२२-२३च्या शालेय वर्षापासून कॅलिफोर्नियाने सार्वजनिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला न्याहारी आणि दुपारचे जेवण मोफत केले. त्यासाठी घरच्या मिळकतीचा दाखला लागत नाही. त्यामुळे ‘गरिबाचे ताट’ म्हणून कुणाकडे बोट दाखवले जात नाही. चर्चच्या दालनातल्या त्या पहिल्या पंगतीतही मिळकत विचारली जात नव्हती.

पश्चिम ओकलंडमध्ये २०२१ मध्ये पक्षातल्या स्त्रियांना वाहिलेले एक भव्य भित्तिचित्र पुरे झाले. त्यावर २६० हून अधिक स्त्रियांची नावे आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांतली मोजकीच नावे येतात. बाकीच्या नावांत सकाळची पाळी सांभाळणाऱ्या, अंडी तळणाऱ्या आणि मुलांना वाढणाऱ्या कितीतरी बायका आहेत. ती भिंत रस्त्यावर आहे. शाळेला जाणारी मुले तिच्यासमोरून जातात.